भाषेचे प्रश्न: उत्तर शब्दाला धरून

या वेळच्या पत्रांत तीन गोष्टींबद्दलचे प्रश्न सर्वाधिक आहेत: पात्राचा स्वभाव कसा ओळखायचा, अलंकारिक भाषेचा अर्थ कसा सांगायचा आणि उत्तराला उताऱ्यातला आधार कसा द्यायचा. तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून उत्तरंही एकत्र देत आहोत. सगळ्यांसमोर एकच मजकूर असावा यासाठी या सदरापुरता एक छोटा उतारा तयार केला आहे. पुढची बहुतेक उदाहरणं त्यातलीच आहेत, तेव्हा तो आधी सावकाश वाचावा.

«घड्याळात सात वाजले तेव्हा सुमन तिसऱ्यांदा दाराशी जाऊन आली. टेबलावरचं पत्र तिनं उघडलं, घडी घातली, पुन्हा उघडलं. 'परीक्षेला काय, पुढच्या वर्षीही बसता येतं,' ती आईला म्हणाली आणि खिडकीकडे वळली. बाहेर पावसानं अंगणाशी जुनं भांडण उकरून काढलं होतं. आई काहीच बोलली नाही. खोक्यात भरलेली सुमनची पुस्तकं तिनं एकेक करून बाहेर काढली, हातानं धूळ पुसली आणि फळीवर उभी करून ठेवली. 'राहू देत खोक्यातच,' सुमन म्हणाली. तिचा आवाज ओल्या काडीसारखा होता; घासला जात होता, पेटत नव्हता. दारावर थाप पडली. सुमन जागची हलली नाही.»

प्रश्न: 'स्वभावविशेष लिहा' असं विचारलं की मी चार-पाच गुण लिहिते. तरी अर्धेच गुण मिळतात. माझे शब्द चुकतात की कमी पडतात? (दहावीतली विद्यार्थिनी)

शब्द बहुधा चुकत नाहीत आणि कमीही पडत नाहीत. ते उतारा वाचण्याआधीच तुझ्याकडे तयार असतात, ही खरी अडचण आहे. हुशार, प्रेमळ, जिद्दी, कष्टाळू, समजूतदार हे पाच शब्द जवळजवळ कुठल्याही पात्राला चिकटवता येतात. जे सगळ्यांना लागू पडतं त्यातून या पात्राबद्दल काही कळत नाही, आणि तपासणाऱ्यालाही तेच जाणवतं.

क्रम उलटा कर. गुणाचा शब्द शेवटी येऊ दे. आधी कच्च्या कागदावर पात्राची फक्त नोंद कर: काय केलं, काय बोललं, काय करायचं टाळलं, दुसरी माणसं त्याच्याशी कशी वागली आणि लेखकानं थेट काय सांगितलं. सुमनची नोंद अशी होईल: तीनदा दाराशी गेली; पत्र उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं; परीक्षेचं महत्त्व कमी करून बोलली; बोलून झाल्यावर आईकडे न बघता खिडकीकडे वळली; पुस्तकं खोक्यातच ठेवायला सांगितली; थाप पडूनही हलली नाही. आता या नोंदींपैकी किमान दोन ज्यानं एकत्र बांधल्या जातील असा शब्द शोध. एकाच नोंदीवर उभा राहिलेला शब्द सहसा डळमळीत असतो.

'अस्वस्थ' हा शब्द पहिल्या दोन नोंदींना नेमका बसतो. पण इथे थांबून बघायला हवं. अस्वस्थ असणं हा सुमनचा स्वभाव आहे की त्या संध्याकाळची मनःस्थिती? प्रश्नात 'स्वभावविशेष' विचारले असतील तर ही गल्लत महागात पडते. फरक ओळखायला क्रियापदांकडे बघ. 'ती दाराशी गेली' ही एकदा घडलेली गोष्ट. 'ती दाराशी जाऊन उभी राहायची' किंवा 'उभी राहत असे' हा रीती भूतकाळ, म्हणजे सवय. सवयीतून स्वभाव दिसतो. 'नेहमी', 'दरवेळी', 'कधीच नाही' हे शब्दही तसेच कामाचे. आपल्या उताऱ्यात असं एकही क्रियापद नाही, सगळं एकाच संध्याकाळी घडलेलं आहे. त्यामुळे स्वभावाबद्दल बोलताना हात जरा आखडता घ्यायला हवा.

तरीही एक गोष्ट ठामपणे म्हणता येते. 'सुमन मनातलं सरळ बोलून दाखवत नाही. ती परीक्षेला कमी लेखून बोलते, पण बोलताच खिडकीकडे वळते. हातात मात्र तेच पत्र पुन्हा पुन्हा उघडत असते. तिला जे वाटतं ते तिच्या बोलण्याऐवजी तिच्या हालचालींत दिसतं.' गुण एकच आहे, पण दोन जागी आधार आहे आणि तो गुणाशी जोडलेलाही आहे. तीन गुणांच्या प्रश्नाला असे दोन मुद्दे पुरतात. आधार नसलेली पाच विशेषणं पुरत नाहीत.

प्रश्न: माझ्या मुलानं अशाच एका पात्राला 'बेफिकीर' म्हटलं आणि ते चूक ठरलं. पात्र स्वतःच तसं बोलत होतं. मग चूक कशी? (एक पालक)

पात्र जे बोलतं तो पुरावा असतो, निकाल नसतो. सुमनच्याच वाक्याकडे बघा. 'परीक्षेला काय' या रचनेतला 'काय' प्रश्न विचारत नाही. मराठीत एखादी गोष्ट हलकी करून सांगायची असली की आपण तो असा जोडतो: 'जायला काय, उद्याही जाता येईल.' म्हणजे सुमन परीक्षेला हलकं *करते आहे*. जी गोष्ट मुळात हलकी असते तिला हलकं करावं लागत नाही. शिवाय त्याआधीच्या दोन वाक्यांत तीनदा दाराशी गेलेली आणि पत्र चाळवणारी हीच मुलगी आहे.

बोलणं आणि कृती यांत विसंगती आली की कृतीचं पारडं बहुधा जड असतं. पण म्हणून बोलणं फेकून द्यायचं नाही. ती विसंगती हेच उत्तर असतं. मुलाला एक सोपी सवय लावा: 'आहे' लिहिण्याआधी 'दाखवतो', 'भासवतो', 'म्हणतो' यांपैकी एखादं क्रियापद बसतं का ते तपासायचं. 'सुमन बेफिकीर आहे' हे चूक. 'सुमन बेफिकिरी दाखवते, पण पत्र पुन्हा पुन्हा उघडण्यातून तिची काळजी लपत नाही' हे बरोबर. गोष्ट 'मी'च्या तोंडून सांगितलेली असेल तर ही सवय अधिकच उपयोगी पडते, कारण तिथे सांगणाराच एक पात्र असतो आणि तो स्वतःबद्दल सांगतो तेही असंच तपासून घ्यावं लागतं.

प्रश्न: उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक यांत दरवेळी गोंधळ होतो. 'सारखा' दिसला की उपमा आणि 'जणू' दिसला की उत्प्रेक्षा, एवढं पाठ आहे. तरी चुकतं. (नववीतला विद्यार्थी)

खुणेच्या शब्दावर सगळा भार टाकलास म्हणून चुकतं. तो शब्द दारावरच्या पाटीसारखा आहे. घरात कोण आहे ते आत जाऊन बघावंच लागतं.

आधी 'सारखा' हाच शब्द घे. 'तो सारखा बोलतो' यात उपमा नाही, तिथे 'सारखा' म्हणजे सतत. 'माझी वही तुझ्या वहीसारखी आहे' यातही अलंकार नाही. एका वहीची दुसऱ्या वहीशी तुलना ही नुसती माहिती झाली. उपमेसाठी दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी लागतात आणि त्यांच्यातलं साम्य वाचून काहीतरी नवं दिसावं लागतं. 'जसं सांगितलं तसं केलं' यात जसं-तसं आहे, उपमा नाही. 'मला वाटतं उशीर होईल' यात 'वाटतं' आहे, उत्प्रेक्षा नाही, तो साधा अंदाज आहे.

आता आतली रचना. ज्याच्याबद्दल बोलायचं ते उपमेय. ज्याच्याशी तुलना ते उपमान. दोघांत समान असलेला गुण म्हणजे साधारण धर्म. आणि जोडणारा शब्द साम्यवाचक. कुठलाही अलंकार ओळखायला एकच प्रश्न विचार: कवीनं उपमेय आणि उपमान यांच्यात किती अंतर ठेवलं आहे? एकच कल्पना सहा प्रकारे लिहून बघू. उपमेय आहे आजोबांचा तळहात, उपमान आहे झाडाची साल.

'आजोबांचा तळहात झाडाच्या सालीसारखा खरखरीत आहे.' दोघं शेजारी उभे, पण वेगळे. ही उपमा.

'आजोबांचा तळहात म्हणजे जणू झाडाची सालच.' हा तळहात नसून साल असावी अशी कल्पना केली आहे, पण ती कल्पनाच आहे हे 'जणू' सांगतो. ही उत्प्रेक्षा.

'या तळहाताच्या सालीवर किती उन्हाळे कोरले गेले.' इथे दोघं एकच झाले. साम्य सांगितलेलंच नाही, गृहीत धरलं आहे आणि वाक्य त्यावरून पुढेही गेलं आहे. हे रूपक.

'हा तळहात नव्हे, ही तर झाडाची साल.' उपमेयाला नाकारून उपमान त्याच्या जागी बसवलं. ही अपन्हुती.

'आजोबांच्या तळहातापुढे झाडाची सालही मऊ.' उपमेय उपमानाच्या पुढे गेलं. हा व्यतिरेक.

'आजोबांच्या तळहातासारखा आजोबांचाच तळहात.' दुसरं उपमान सापडतच नाही. हा अनन्वय.

सर्वाधिक गोंधळ उत्प्रेक्षा आणि रूपक यांत होतो. तिथे ही चाचणी कर: वाक्यातून 'जणू', 'गमे', 'भासे', 'वाटे', 'की' यांपैकी जो शब्द असेल तो काढून टाक. काढल्यावर कवीची शंका किंवा कल्पना नाहीशी होऊन सरळ विधान उरलं तर मूळ वाक्यात उत्प्रेक्षा होती. काढण्यासारखा असा शब्दच नसेल आणि दोन्ही गोष्टी एका दमात एकच म्हणून आल्या असतील तर रूपक बघ. कवितेत 'की' हा शब्द विशेष फसवतो. 'चंद्र की दिवा' मध्ये तो संभ्रम किंवा कल्पना दाखवतो, 'म्हणाली की' मध्ये तो नुसता जोडशब्द असतो.

आणि परीक्षेत कारण विचारलं तर 'सारखा हा शब्द आला म्हणून उपमा' एवढ्यावर थांबू नको. चारही घटक लिही. आपल्या उताऱ्यातलं वाक्य घेतलं तर: उपमेय आवाज, उपमान ओली काडी, साम्यवाचक शब्द 'सारखा', साधारण धर्म घासला जाणं पण न पेटणं. चारही घटक हजर आहेत म्हणून ही पूर्णोपमा. यातला एखादा घटक गाळलेला असेल, जसं 'तिचा आवाज ओल्या काडीसारखा' एवढंच, तर ती लुप्तोपमा, आणि गाळलेला घटक आपण भरून दाखवायचा असतो.

प्रश्न: 'सगळं घर जागं झालं' यात घर निर्जीव आहे, तरी जागं होतं. मग ही चेतनगुणोक्ती का नाही? (एक वाचक)

प्रश्न नेमका आहे. या वाक्यात घराला जिवंत केलेलंच नाही. 'घर' हा शब्द घरातल्या माणसांसाठी आला आहे. संस्कृत काव्यशास्त्रात याला लक्षणा म्हणतात आणि मम्मटानं 'काव्यप्रकाश' या ग्रंथात तिच्या तीन अटी सांगितल्या आहेत: शब्दाचा मुख्य अर्थ त्या जागी बसत नाही, घ्यायचा अर्थ मुख्य अर्थाशी संबंधित असतो, आणि तसा अर्थ घेण्यामागे एकतर रूढी असते किंवा काही हेतू. विटा-भिंतींचं घर जागं होऊ शकत नाही, ही पहिली अट. माणसं घरात राहतात, हा संबंध. आणि असं बोलायची रूढी आहेच. तिन्ही अटी पुऱ्या होतात.

आता हे वाक्य बघा: 'दिवसभर रिकामं असलेलं घर आमची वाट बघत उभं होतं.' इथे घरात माणसं नाहीत. घराच्या जागी माणसं घालून वाक्य वाचलं तर ते मोडतं. वाट बघण्याचा गुण घरालाच दिला आहे, म्हणून ही चेतनगुणोक्ती. हीच चाचणी लक्षात ठेवावी: निर्जीव वस्तूच्या नावाजागी तिच्याशी संबंधित माणसं घालून बघा. वाक्य टिकलं तर लक्षणा. न टिकलं आणि माणसाची कृती वस्तूच करत असली तर चेतनगुणोक्ती.

प्रश्न: अलंकार ओळखता येतो. पण 'या वाक्यातील सौंदर्य स्पष्ट करा' म्हटलं की 'लेखकाने सुंदर उपमा वापरली असून वाचकास आनंद मिळतो' याच्या पुढे मुलं जात नाहीत. काय शिकवावं? (माध्यमिक शाळेतील शिक्षिका)

'सुंदर' आणि 'आनंद' हे दोन शब्द त्या उत्तरातून काही काळ वर्ज्य करून बघा. मग लिहायला काहीतरी शोधावंच लागेल. शोधायला चार पायऱ्या पुरतात आणि त्या तोंडी घेतल्या तर वर्गात दहा मिनिटांत होतात.

पहिली पायरी, उपमानाचे सगळे गुण काढायचे. ओली काडी कशी असते? लहान, थंड, घासली की पेटेल अशी अपेक्षा असलेली, घासूनही न पेटणारी, फार घासली तर गूल झडणारी, आणि सुकली तर कदाचित पुन्हा पेटू शकणारी. मुलांना भराभर सांगू द्या, फळ्यावर लिहीत जा. दुसरी पायरी, यातले कोणते गुण वाक्यानं उचलले ते ठरवायचं. लेखकानं स्वतःच सांगितलं आहे: घासला जात होता, पेटत नव्हता. म्हणजे प्रयत्न आहे आणि अपयश आहे. लहानपणा किंवा थंडपणा इथे कामाचा नाही. ही निवड फार महत्त्वाची, कारण मुलं उपमानाचे सगळेच गुण उपमेयावर लादतात आणि उत्तर भरकटतं.

तिसरी पायरी, अलंकार काढून साधं वाक्य लिहायचं: 'तिचा आवाज दबलेला होता.' मग विचारायचं, काय गेलं? दबलेला आवाज दबून स्थिर राहतो. ओल्या काडीत पुन्हा पुन्हा घासणं आहे. सुमन बोलायचा प्रयत्न करते आहे आणि तिला हवा तो ठामपणा येत नाही, हे साध्या वाक्यातून गेलं. जे गेलं तेच सौंदर्याचं उत्तर. चौथी पायरी, हे वाक्य याच जागी का आलं? ते 'राहू देत खोक्यातच' या बोलण्याच्या लगेच मागून आलं आहे. शब्द निर्णयाचे आहेत, आवाज निर्णयाचा नाही. पुढच्याच वाक्यात थाप पडते आणि ती हलत नाही. म्हणजे ही उपमा शब्द आणि कृती यांच्या मधोमध उभी आहे.

उत्तर असं होईल: 'ओली काडी घासली जाते पण पेटत नाही, तसा सुमनचा आवाज ठाम व्हायचा प्रयत्न करूनही ठाम होत नाही. "राहू देत खोक्यातच" हे शब्द निर्णयासारखे असले तरी तिचा निर्णय झालेला नाही, हे या उपमेतून कळतं.' दोन वाक्यं, आणि 'सुंदर' कुठेही नाही.

पावसाच्या वाक्यावरही हाच सराव देता येईल. तिथे एका शब्दाकडे मुलांचं लक्ष वेधावं: 'जुनं'. भांडण जुनं आहे, म्हणजे याआधीही झालेलं. वाक्य आलं आहे सुमनचं बोलणं आणि आईचं गप्प राहणं यांच्यामध्ये. बाहेर भांडण चालू आहे, आत कोणी भांडत नाही. मायलेकींमध्येही हा विषय जुना असावा, असं सुचवलं जातं. 'सुचवलं जातं' असंच लिहायला सांगावं, 'आहे' असं नाही, कारण उतारा ते उघड सांगत नाही.

प्रश्न: 'पुढीलपैकी कोणतं वाक्य या विधानाला सर्वांत चांगला आधार देतं?' या प्रश्नात दोन पर्याय तरी बरोबरच वाटतात. (आठवीतला विद्यार्थी)

बरोबर वाटतात, कारण चारही वाक्यं उताऱ्यात खरंच असतात. वाक्य खरं आहे का, हा प्रश्नच नसतो. ते *याच* विधानाला उचलून धरतं का, हा असतो. करून बघू.

विधान: 'सुमननं परीक्षा द्यावी असं आईला वाटतं.' पर्याय: (अ) आई काहीच बोलली नाही. (आ) खोक्यात भरलेली पुस्तकं आईनं बाहेर काढून फळीवर ठेवली. (इ) 'परीक्षेला काय, पुढच्या वर्षीही बसता येतं.' (ई) सुमन तिसऱ्यांदा दाराशी जाऊन आली.

प्रत्येक पर्याय विधानाला 'कारण' लावून मोठ्यानं वाच. 'आईला असं वाटतं, कारण सुमन दाराशी जाऊन आली.' वाक्य जुळत नाही, (ई) गेला. तो खरा आहे पण विधान आईबद्दल आहे. (इ) परीक्षेबद्दल आहे, म्हणून तो ओळखीचा वाटतो, पण बोलणारी सुमन आहे आणि तिचं म्हणणं उलट दिशेचं आहे. विधानातला एखादा शब्द पर्यायात दिसला की हात तिकडे जातो, हा सापळा ओळखून ठेव.

उरले (अ) आणि (आ). इथे दुसरी चाचणी लाव: हेच वाक्य विधानाच्या उलट गोष्टीलाही आधार देऊ शकेल का? आई गप्प राहिली यावरून तिला परीक्षा हवी आहे असं म्हणता येईल, तिला सुमनचं म्हणणं पटलं असंही म्हणता येईल, ती थकली आहे असंही. जो पुरावा दोन्ही बाजूंना चालतो तो कुठल्याच बाजूचा नाही. पुस्तकं बाहेर काढून फळीवर लावण्याचा मात्र उलट अर्थ लावायला फार ओढाताण करावी लागेल. उत्तर (आ).

कधीकधी प्रश्न दोन भागांत येतो: आधी विधान निवडा, मग त्याचा आधार निवडा. पहिला भाग चुकला की दुसरा आपोआप चुकतो. अशा वेळी दुसऱ्या भागातली वाक्यं आधी वाच आणि प्रत्येक वाक्य पहिल्या भागातल्या कोणत्या विधानाकडे बोट दाखवतं ते बघ. ज्या विधानाकडे एकही वाक्य बोट दाखवत नाही ते विधान सोडून दे.

प्रश्न: उत्तरात उताऱ्यातली वाक्यं किती घ्यायची? आणि ती आपल्या वाक्यात नीट बसत नाहीत. (अकरावीतली विद्यार्थिनी)

तीन ते सात शब्द. अख्खं वाक्य उतरवलंस तर त्यातला कोणता शब्द तुझा आधार आहे ते वाचणाऱ्याला शोधावं लागतं. 'राहू देत खोक्यातच' हे तीन शब्द पुरतात. त्यातही खरं वजन 'च'वर आहे. 'राहू देत खोक्यात' म्हटलं असतं तर ती साधी सूचना झाली असती. 'च'मुळे आईच्या कृतीला विरोध आला. म्हणून अवतरण छोटं करताना 'च', 'ही', 'तरी', 'पण', 'नाही' हे शब्द कधीही गाळू नकोस. मराठीत अर्थाचं वळण बहुधा अशाच लहान शब्दांवर असतं.

वाक्यात बसवायचे सोपे मार्ग दोन. एक, 'असं', 'या शब्दांत', 'हे वाक्य' यांचा आधार घ्यायचा: आई पुस्तकं लावत असताना सुमन 'राहू देत खोक्यातच' असं म्हणते. दोन, अवतरण न देता कृती आपल्या शब्दांत सांगायची: थाप पडल्यावरही सुमन दाराकडे जात नाही. दुसऱ्या प्रकारात अवतरणचिन्हं द्यायची नाहीत. आपल्या शब्दांना अवतरणचिन्हात घालणं ही गंभीर चूक धरली जाते, कारण ते शब्द उताऱ्यात नसतात.

आपल्या भाषेतली एक खास अडचण 'की'ची आहे. 'रवी म्हणाला की मी येणार नाही' यात 'मी' म्हणजे रवी. पण उत्तरात तुझं स्वतःचं 'मला वाटतं' शेजारी आलं की कोणता 'मी' कोणाचा ते कळेनासं होतं. तिथे 'आपण' वापर: आपण येणार नाही असं रवीनं सांगितलं. गोंधळ संपतो. काळाचंही पाहा: उत्तर 'सुमन म्हणते, वळते' असं वर्तमानकाळात सुरू केलंस तर शेवटपर्यंत तसंच ठेव. अवतरणातला भूतकाळ मात्र जसाच्या तसा राहतो.

प्रश्न: 'शेवटी सुमन का हलली नाही?' अशा प्रश्नाला मुलं वेगवेगळी उत्तरं लिहितात. सगळ्यांना गुण द्यायचे का? (एक शिक्षक)

सगळ्यांना नाही, पण एकापेक्षा जास्त उत्तरांना नक्कीच. तीन उत्तरं घेऊ.

पहिलं: 'ती ज्याची वाट बघत होती तेच आता समोर आल्यामुळे ती घाबरली.' आधार: तीनदा दाराशी जाणं, पत्र चाळवणं. आधी दाराकडे ओढ होती, थाप पडताच पाय थांबले. ग्राह्य. दुसरं: 'परीक्षा न देण्याचं तिनं जवळजवळ ठरवलं होतं, म्हणून ती दाराशी गेली नाही.' आधार: 'पुढच्या वर्षीही बसता येतं', 'राहू देत खोक्यातच'. हेही ग्राह्य, पण ओल्या काडीची उपमा या उत्तराच्या आड येते. ज्या मुलानं 'तरीही तिचा आवाज ठाम नव्हता' अशी दखल घेतली त्याचं उत्तर अधिक भक्कम समजावं. तिसरं: 'वडील रागावून आले असतील म्हणून ती हलली नाही.' वडील उताऱ्यात कुठेही नाहीत. उत्तर कितीही ओघवतं लिहिलेलं असलं तरी त्याला आधार नाही.

चार गुणांची विभागणी अशी करता येईल: विधानाला 1, उताऱ्यातल्या आधाराला 1 आणि दोन्ही जोडून दाखवण्याला 2. शेवटच्या भागाला जास्त गुण मुद्दाम ठेवावेत. मुलं विधान लिहितात, अवतरण उतरवतात आणि मधला पूल सोडून देतात. 'यावरून दिसतं' एवढ्या शब्दांनी तो पूल होत नाही. *कशावरून* आणि *कसं*, दोन्ही लिहायला लागतं. गुणांची ही विभागणी मुलांना आधी सांगून ठेवली तर उत्तरांत फरक दिसतो, कारण कुठे थांबायचं नाही हे त्यांना कळतं.

प्रश्न: कवितेवरच्या उत्तरात 'कवी म्हणतो' लिहावं की 'कवितेतील मी म्हणतो'? (बारावीतला विद्यार्थी)

कवितेत बोलणारा कवीपेक्षा वेगळा असेल, म्हणजे झाड, नदी, म्हातारी, सैनिक असं कोणी असेल, तर 'कवितेतील झाड म्हणतं' असंच लिही. तिथे 'कवी म्हणतो' लिहिणं चूक आहे. बोलणारा कोण ते स्पष्ट नसेल तर 'कवितेतील मी' सुरक्षित. शब्दांची निवड, अलंकार, यमक यांबद्दल लिहिताना मात्र 'कवी' किंवा 'कवयित्री' लिही, कारण ती निवड त्यांची असते: 'कवितेतील म्हातारी परतीची वाट विसरल्याचं सांगते, कवयित्रीनं त्यासाठी पुसट होत गेलेल्या रेघेची प्रतिमा वापरली आहे.' एकाच वाक्यात दोघांची कामं वेगळी ठेवता आली की पुढचं उत्तर लिहिताना अडत नाही.